शोलावरम आठवलं, आमचा पट विसरलात!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या दिवंगत छायाचित्रकारांवरचा रविवारचा लेख वाचला. चांगला आहे. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या त्या मोटार शर्यतींपासून २०११ च्या ग्रेटर नोएडातल्या फॉर्म्युला वनपर्यंत सगळं आलं. गाड्या आल्या, फॉर्म्युला वनचा चालक नारायण कार्तिकेयन आला, इंजिनांची ताकदसुद्धा आली. फक्त आमचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा पट, तेवढा आला नाही. बैलांची हॉर्सपॉवर मोजत नाहीत, म्हणून राहिला असावा.

कॅमेरा गाडीच्या वेगानं फिरवत फोटो काढायची त्यांची हातोटी लेखकानं फार रंगवली आहे. शटर मुद्दाम संथ, गाडी स्पष्ट, मागचं सगळं पुसट. मान्य. पण मोटार दर फेरीला पुन्हा समोर येते, एक फोटो हुकला तर दुसरा मिळतो. पटात जोडी सरळ सुटते आणि काही सेकंदांत खेळ खलास. शिवाय मोटार जमिनीला धरून जाते, बैल दर उडीला वरखाली होतो. त्याचा डोळा स्पष्ट टिपणं जास्त कठीण की मोटारीचं बोनेट? पण लिहिणाऱ्यानं पट पाहिलाच नसेल, तर त्याला तरी काय बोलणार!

फिल्म रोलच्या जमान्यात तुमचे हे छायाचित्रकार आमच्या गावच्या पटाला आले होते. दिवसभर मैदानाच्या कडेला धुळीत उकिडवे बसले, रोल संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ नागपूरला धाडला आणि रात्री आमच्या भागातलं, झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत पाहिलं. फोटो छापून आला. आमची जोडी, मागे धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, माझा काका, दात-ओठ खाऊन ओरडणारा. खाली ओळ काय? ‘ग्रामीण भागातील शर्यतीचे एक दृश्य.’ गावाचं नाव नाही, बैलांचं नाही, काकाचं तर नाहीच. ‘फोटो माहा, मंग नाव काहून नाही?’ असं विचारत काका पेपर घेऊन गावभर फिरला. प्रतीसाठी तुम्हाला पत्र पाठवलं, त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट बंद पडले, परवानगी मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात काका गेला. त्या वर्षांत वाढलेल्या पोरांना पट म्हणजे काय ते दाखवायला घरात तेवढं एक कात्रण होतं, तेही वाळवीनं कुरतडलेलं.

निगेटिव्ह तुमच्याकडे असेल तर फोटो पुन्हा छापा. बैल लाख्या आणि पाखऱ्या. काकाचं नाव सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहे, ते तरी गाळू नका.

जाता जाता, लेखातला अर्धा फोटो सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीखाली गेला आहे. आणि सकाळचा पेपर आमच्याकडे हल्ली दुपारी येतो. वेगाचं एवढं कौतुक करणाऱ्या वर्तमानपत्राला हे शोभत नाही.

आपला,
एक जुना वाचक
ता. लाखांदूर, जि. भंडारा