पायथनमधून झेड३ वापरताना

संपादक महाशय,

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवरील लेखांत लायब्ररी (तयार कोडचा संच) बसवण्याची एक ओळ देऊन विषय आटोपला जातो. प्रमेये तपासणाऱ्या प्रणालींच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. त्यांपैकी झेड३ या लायब्ररीचेच घ्या. पिपला (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला) सांगायचे नाव ‘झेड३-सॉल्व्हर’, प्रोग्रॅममध्ये इम्पोर्ट करताना मात्र नुसते ‘झेड३’. पिपला ‘झेड३’ म्हटले तर भलतेच, बॅकअपचे पॅकेज बसते. आपल्या फाइलला ‘झेड३.पीवाय’ हे नाव तर मुळीच देऊ नये. पायथन आधी तीच उचलतो.

टाइमआउट, म्हणजे उत्तर शोधायला दिलेली कमाल वेळ, मिलिसेकंदांत असतो: १० सेकंदांसाठी १०००० लिहायचे. वेळ संपली की उत्तर ‘अननोन’ (ठाऊक नाही) येते. म्हणजे विधान खोटे ठरले असे नव्हे. विधान सिद्ध करायचे तर त्याचा नकार सॉल्व्हरला (झेड३च्या अटी सोडवणाऱ्या भागाला) द्यावा आणि ‘अनसॅट’ (अटी पूर्ण होणे अशक्य) येते का ते पाहावे.

खरा घात दोन अटी जोडणाऱ्या पायथनच्या ‘अँड’ने होतो. ‘क्ष > ० अँड य > ०’ लिहिले तर निदान एरर येते. पण ‘क्ष == १ अँड य == २’ लिहिले तर दुसरी अट गुपचूप गळते आणि सॉल्व्हर अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर देतो. त्यासाठी लायब्ररीचे, मोठ्या अक्षराने सुरू होणारे ‘अँड’ फंक्शन वापरावे. अपूर्णांकांचेही तसेच: १/३ हा भागाकार पायथन आधीच दशांशात उरकतो, अचूकता तिथेच जाते. त्याऐवजी अचूक अपूर्णांक देणारे लायब्ररीचे ‘क्यू(१, ३)’ लिहावे.

— एक वाचक