रोज बुडवून तपासणीला कोण येणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीची सध्या चर्चा आहे. मुलींना लस हवीच. पण त्यांच्या चाळिशीतल्या आयांना वाचवेल ती तपासणीच, म्हणून हे पत्र.

मी धाराशिव जिल्ह्यात आरोग्यसेविका होते. जिल्हा उस्मानाबाद होता तेव्हा, १९९९ पासून, टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने इथल्या खेड्यांतल्या सव्वा लाखाहून जास्त बायांचा अभ्यास केला. एकदाच एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, झाली तरी या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला त्यातून कळले. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे जेमतेम दोघींची तपासणी झालेली! आमच्या बायांनी जगाला शिकवले, त्यांच्याच लेकी-सुना तशाच राहिल्या.

जनजागृती नाही, असे सांगून मोकळे होतात. मला दारोदार मिळालेली उत्तरे निराळी होती. "ताई, आजचा रोज बुडंल." "तपासणारा बाप्या असला तर?" "पांढरं तर समद्याच बायांना जातं." आणि सर्वांत जास्त वेळा, "कॅन्सर हाय म्हणतील अन् पिशवी काढतील." ही भीती अडाणीपणाची नाही. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायांच्या पिशव्या कर्करोगाचा धाक घालून काढल्याचे २०१९ मध्ये सगळ्या राज्याने वाचले. खरे तर कर्करोगाआधीचा डाग वेळेत सापडला, तर बहुतेकदा तेवढाच भाग उष्णतेने जाळतात. पिशवीला धक्का लागत नाही, बाई त्याच दिवशी चालत घरी जाते.

पण तो उपचार जागेवर मिळाला तर. माझ्या गावातल्या एका बाईला शिबिरात दोष सापडला, चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवले. दोन हेलपाटे झाले, दोन्हीदा "पुढच्या आठवड्यात या". तिसऱ्यांदा ती गेली नाही. दीड वर्षाने रक्तस्राव घेऊनच आली. तिचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई घरच्या घरी स्वतः घेऊ शकते. आशाताईंकडे ते किट द्या, उपचाराचे यंत्र ग्रामीण रुग्णालयात ठेवा, तपासायला बाईमाणूस असू द्या, त्या दिवसाची मजुरी द्या. आणि हे सगळे दसऱ्याआधी करा. त्यानंतर कोयता घेऊन निघालेली बाई सहा महिने गावात सापडत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. धाराशिव