तुझा विषय नक्की कोणता?

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की कराराचा कायदा शिकवता शिकवता मी पुराव्याकडे वळले, तिथून संभाव्यतेच्या गणिताकडे गेले आणि आता तत्त्वज्ञान वाचते आहे, तर माझा विषय नक्की कोणता? तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण ज्यांनी आयुष्यभर फौजदारी कोर्टाच्या कचेरीत मुद्देमालाला चिठ्ठ्या लावल्या, त्यांना असे उडवाउडवीचे उत्तर देणे बरे नव्हे.

करार माझ्याकडे आला तो केवळ वेळापत्रकामुळे. खरी सुरुवात झाली ती शरद सारडा खटल्यातील १९८४ च्या निकालपत्रापासून. पुण्यातल्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या, हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. मला मात्र तिथे १९७३ च्या बोबडे खटल्यातून घेतलेला एक विचार बोचला: आरोपीने गुन्हा 'केला असेल' आणि 'केलाच असला पाहिजे' यांत फार अंतर आहे. फार म्हणजे किती? ते मोजण्याच्या हव्यासापायी मी संख्याशास्त्राच्या वर्गात, माझ्या निम्म्या वयाच्या मुलांशेजारी बाकावर जाऊन बसले. न्यायाधीशांनी बेझचे सूत्र, म्हणजे नवा पुरावा हाती आला की आधीची शक्यता किती बदलते हे सांगणारे गणित, वापरून निवाडे करावेत, असे व्याख्यानही मी त्या भरात ठोकले होते. त्याची ध्वनिफीत कोणाकडे नसावी, एवढीच आता इच्छा आहे.

तो भर उतरला इंग्लंडमधल्या सॅली क्लार्कच्या खटल्याने. तिची दोन तान्ही मुले अचानक दगावली आणि १९९९ मध्ये तिला त्यांच्या खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आले. तिच्यासारख्या घरात एक बाळ नैसर्गिक कारणाने अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन बाळे दगावण्याची शक्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक, असे तज्ज्ञ साक्षीदाराने सांगितले होते. त्याने ८,५४३ ला ८,५४३ ने गुणले होते, एवढेच. पण दोन्ही बाळे एकाच घरातली, एकाच रक्ताची. पहिल्या मृत्यूचा दुसऱ्याशी काहीच संबंध नाही, हे कोणी ठरवले? शिवाय असे दोन मृत्यू दुर्मीळ असणे म्हणजे आई निर्दोष असण्याची शक्यता तितकी कमी असणे नव्हे, कारण आईने आपली दोन मुले मारणेही दुर्मीळच असते. वैद्यकीय अहवाल दडवले गेल्याचे उघड झाल्यावर २००३ मध्ये तिची सुटका झाली. २००७ मध्ये ती वारली.

मग वाटले, गणित बिनचूक असेल तर पुरेल का? आई, तुला आठवते का, दिवाळीत तू तांदूळ निवडत होतीस आणि मी तुला एक कोडे घातले होते? ऑक्सफर्डच्या जोनाथन कोहेन यांनी ते १९७७ मध्ये मांडले. मी त्यातला खेळ बदलून नाटक केले एवढेच. नाटकाला हजार माणसे बसली आहेत, तिकिटे ४९९ च विकली गेली आहेत. त्यांतल्या कोणाही एकावर पैसे बुडवल्याचा दिवाणी दावा लावला, तर तो फुकट्या असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. आणि दिवाणी दाव्यात पारडे तेवढे झुकले तरी चालते. मग हुकूमनामा द्यावा का? तू ताटातला खडा बाजूला टाकत म्हणालीस, "पण त्या माणसाने काय केले, हे तुम्ही कुठे पाहिलेत?" गेली चाळीस-पन्नास वर्षे तत्त्वज्ञ ज्यावर भांडत आहेत, तो मुद्दा हाच. आकडा गर्दीविषयी बोलतो, शिक्षा मात्र एका माणसाला होते.

बाबा, तुमच्या पुरावा कायद्यातले कलम ३ पाहा. समंजस माणसाने जिच्यावर भिस्त ठेवून वागावे इतकी जी गोष्ट संभवनीय, ती शाबीत, असे १८७२ पासून तिथे लिहिले होते. १ जुलै २०२४ पासून नवा अधिनियम आला, तरी व्याख्या जवळपास तीच राहिली. संभवनीयता, समंजसपणा आणि कायदा ही तिन्ही त्या एका वाक्यात आहेत. मी विषय बदलले नाहीत. ते वाक्यच अजून वाचून झालेले नाही.

नवा निबंध आईच्या त्या प्रश्नाने सुरू होतो. तिथे तिचे नाव घातले तर चालेल का, एवढे तिला विचारून कळवावे.

तुमची,
सुमा