तबकडी शेवटपर्यंत ऐका!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांचा उत्साह दांडगा आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण ‘लेबल गेले की गायक कोण, हे कळायला मार्ग नाही’ हे वाक्य चौकटीत, ठळक टायपात छापायची काय गरज होती?

मार्ग आहे. तबकडी शेवटपर्यंत वाजू द्यायची. सुरुवातीला आपल्याकडचं मेणावरचं ध्वनिमुद्रण तबकड्या काढायला जर्मनीत हॅनोव्हरला जायचं. तिथल्या लोकांना आपली नावं काय कळणार? म्हणून गाणारी बाई शेवटी स्वतःचं नाव सांगायची. गौहरजान तर चक्क इंग्रजीत, ‘माय नेम इज गौहर जान’! 1908 साली कलकत्त्याला कारखाना निघाला, तरी ही रीत पुढेही काही काळ चालू राहिली.

आमच्याकडे आजोबांची एक तबकडी आहे. लेबल कसरीने केव्हाच खाल्लं. पण गाणं संपतं न संपतं तोच खणखणीत आवाज येतो, ‘जानकीबाई, इलाहाबाद’. एका संस्थेने ‘संगणकावर उतरवून देतो’ म्हणून ती नेली. पुष्कळ तगादे लावल्यावर परत मिळाली, सोबत सीडी. सीडीवर काय लिहिलेलं? ‘अज्ञात गायिका’! लावून पाहिली, तर शेवटचं बोलणंच गायब. विचारलं, तर तिथला मुलगा म्हणाला, “काका, शेवटी नुसती खरखर आणि बडबड होती, क्लीन केलं.” बाई ओरडून नाव सांगतेय आणि यांच्या लेखी ती बडबड!

लेबलाच्या कडेने कोऱ्या पट्टीत कोरलेला आकडा असतो, तबकडी दिव्याखाली तिरपी धरली की दिसतो. तो कंपनीच्या जुन्या याद्यांशी ताडता येतो. लेखात त्याचा पत्ता नाही. आणि लेबलावर तरी किती विसंबायचं? ‘महल’मधल्या (1949) ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लेबलच प्रमाण, तर मग ते गाणं लताबाईंचं नव्हेच म्हणायचं!

जाता जाता, पाणीपुरवठ्यावरच्या माझ्या मागच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण जागेअभावी गाळलात. कुठल्या गल्लीत पाणी येत नाही, ते नेमकं त्याच परिच्छेदात होतं. नळ अजून कोरडाच आहे.

– वि. ग. स., मिरज