तक्रार पत्र: माझ्या मेक्सिकोच्या पुस्तकात ‘आमचं गोड कुटुंब’ घुसवल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख व तक्रार निवारण अधिकारी,
फोटोबुक विभाग

विषय: लेफ्लॅट (पूर्ण सपाट उघडणारं) हार्डकव्हर फोटोबुक (मेक्सिको). मंजूर प्रूफमधला (छपाईआधीच्या नमुन्यातला) मजकूर परस्पर बदलणे, फोटो कापणे व वगळणे, आणि फोनवर केलेला अपमान.

तुमच्या सीनियर एक्झिक्युटिव्हशी बोलून आत्ताच फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. संताप अजून उतरलेला नाही, तेव्हा नमस्कार-चमत्कार राहू देत. ऑर्डरचा तपशील, मंजूर केलेलं प्रूफ, आधीचे सगळे ईमेल तुमच्या सिस्टीमवर आहेत. स्मार्ट लेआउट फोटो आपोआप निवडतो आणि मांडतो, ऑटो एन्हान्स फोटोंचे रंग आपोआप बदलतो, मजकूर लॉक केल्यावर तो कुणालाही बदलता येता कामा नये, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मी मजकूर लॉक केला होता. स्मार्ट लेआउट आणि ऑटो एन्हान्स, दोन्ही बंद ठेवले होते. प्रूफमध्ये सगळं बरोबर होतं. छापून आलं ते भलतंच.

मुखपृष्ठावर मी ‘मेक्सिको, मे महिना’ एवढंच लिहिलं होतं. तिथे ‘आमची फॅमिली ट्रिप’ छापलंय, खाली दोन हृदयं. मी फॅमिली ट्रिपला गेले नव्हते. मी एकटी गेले होते, ठरवून गेले होते, आणि त्या प्रवासात मनापासून हसले तेवढी गेल्या कित्येक वर्षांत हसले नव्हते. हे पुस्तक त्यासाठी होतं. आईसाठी होतं. तिला मोबाईलवर नीट दिसत नाही, बोट लागलं की फोटो सरकतो आणि ती वैतागून फोन परत देते. म्हणून मोठा आकार, जाड पानं, ठळक मराठी अक्षरं, आणि प्रत्येक फोटोखाली मी तिच्यासाठी लिहिलेल्या दोन ओळी. ‘मराठीतही उपलब्ध’ अशी तुमची जाहिरात वाचूनच मी जादा पैसे भरले.

ती मराठी कशी छापलीय ते आधी बघा. ज्या थोड्या ओळी माझ्या म्हणून शिल्लक राहिल्यात, त्यांतही ‘किनारा’चा ‘कनिारा’ झालाय. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकलीय, जोडाक्षरं फुटून मध्ये हलन्त लटकतायत. प्रूफमध्ये हे नव्हतं, म्हणजे छपाईची फाइल बनवताना फॉन्टची मांडणी तुटली. देवनागरी छापणाऱ्याला हा दोष पहिल्या पानावर दिसतो. तुमच्याकडे पुस्तक बांधून, खोक्यात भरून, माझ्या दारात येईपर्यंत एकाही माणसाने ते उघडून वाचलं नाही.

आता फोटो. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या प्लाया देल कार्मेनला समुद्रालगतच्या चौकात एक उंच खांब आहे. त्याच्या टोकावरून चार माणसं दोर बांधून उलटी झेप घेतात आणि गोल गोल फिरत खाली येतात. हे पापांतलाचे व्होलादोरेस, म्हणजे ‘उडणारे’. परंपरा विशेषतः वेराक्रूझ राज्यात जपलेली, २००९ साली युनेस्कोच्या यादीत गेलेली. प्रत्येकाच्या १३ फेऱ्या, चौघांच्या मिळून ५२. आणि पाचवा माणूस वरच राहतो. खांबाच्या टोकावर, कसलाही आधार नाही, एका हातात बासरी आणि छोटा ढोल. तो वाजवतो म्हणून बाकीचे चौघे उडतात. तो चौकटीत यावा म्हणून मी वाळूत पाठ टेकून आडवी झाले, शेजारची लहान मुलंही माझं बघून आडवी झाली, आणि आम्ही सगळे तोंड वर करून तसेच पडून राहिलो. त्या फोटोचं तुम्ही काय केलंत? वरचा भाग कापलात. पाचवा माणूस गेला. खाली चार लोंबकळणारी माणसं आणि ओळ: ‘धमाल अ‍ॅक्टिव्हिटीज’.

तुलुमच्या फोटोखाली ‘आमचा किल्ल्यावरचा दिवस’. ते माया लोकांचं तटबंदीचं शहर आहे, कॅरिबियन समुद्राच्या अगदी कड्यावर, तेराव्या ते पंधराव्या शतकात भरभराटीला आलेलं. तिथल्या दगडांवर मोठमोठे इग्वाना ऊन खात पडलेले असतात आणि माणसांकडे ढुंकून बघत नाहीत. त्यातला एक माझ्या पिशवीला टेकून झोपला आणि पिशवी काढून घ्यायची माझी हिंमत होईना. तो उठेपर्यंत मी थांबले. या सगळ्या गमतीची ओळ आईसाठी लिहिली होती. ती गेली.

सेनोतेच्या फोटोखाली ‘पूल पार्टी’. युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. पाणी चुनखडीच्या पोटातून वाहतं, आणि वरचं छत कोसळलं की खाली गोड्या पाण्याचं कुंड उघडं पडतं. तेच सेनोते. उतरण्याआधी अंगावरचं सनस्क्रीन, तेल, सगळं शॉवरखाली धुवावं लागतं, कारण या कुंडांचं पाणी आत एकमेकांना जोडलेलं आहे आणि पुढे समुद्राला मिळतं. मी खोबरेल चोपडून गेले होते. तिथल्या जीवरक्षकाने मला दोनदा परत पाठवलं, दुसऱ्यांदा तर केस हुंगून पाठवलं. शेवटी नारिंगी जॅकेट घालून पाण्यात उतरले तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या आणि फोटोही त्यानेच काढला. माझ्या आवडत्या फोटोंपैकी हा एक. पूल पार्टी!

आणि समुद्र. तुमच्या स्मार्ट लेआउटने समुद्राचे बरेच फोटो ‘एकसारखे’ म्हणून काढून टाकले. ते एकसारखे नाहीत. पहाटे समुद्र दुधी असतो, दुपारी डोळे दिपवणारा निळा-हिरवा, आणि एका सकाळी तो चक्क तपकिरी होता, कारण सारगासम आलं होतं. २०११पासून हे तरंगतं शेवाळ कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर ढिगांनी येऊन पडतंय. कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. त्या सकाळी हॉटेलांची माणसं दाताळी घेऊन ओढत होती, मागून ट्रॅक्टर येत होता, आणि एक आजोबा त्या ढिगाऱ्यात खुर्ची टाकून निवांत कॉफी पीत बसले होते. त्यांनी मला शेजारी बसायला बोलावलं. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी. आम्ही दोघांनी एकाच वेळी नाक दाबलं आणि पोट धरून हसलो. तो फोटो ऑटो एन्हान्सने निळा केला! तपकिरी समुद्र पुसून जाहिरातीतला निळा भरला, म्हणून आता त्या फोटोत दोन म्हातारी माणसं कारणाशिवाय नाक दाबून बसल्यासारखी दिसतात. जे घडलं ते छापा, एवढीच माझी अपेक्षा होती.

काडीवरच्या आंब्याचा फोटोही तसाच. किनाऱ्यावर फिरणारे विक्रेते आंबा फुलासारखा कापून काडीला खोचतात, वर लिंबू पिळतात, तिखट-मीठ भुरभुरतात. मी लिहिलं होतं: ‘आई, आंबा आपल्याकडचा, मिरची मूळची त्यांच्याकडची, आणि दोन्ही एकाच काडीवर.’ खरंच आहे ते. मिरची मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. बाजारातल्या चिकूंखाली लिहिलं होतं की आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूचं माहेर इथलं, याच झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम बनायचं. दोन्ही ओळी काढून तुम्ही ‘यम्मी फ्रूट्स’ छापलंत. दोन्ही पानांवर तेच.

आता मुख्य गोष्ट. कानकून शहर आणि इस्ला मुहेरेस बेटाच्या मधल्या समुद्रात पाण्याखाली शिल्पांचं संग्रहालय आहे. तिथे सुमारे ८ मीटर खोल तळावर चारशेहून जास्त माणसांचे पुतळे एकत्र उभे आहेत. त्या भागातल्या खऱ्या माणसांवरून घडवलेले, आणि आता त्यांच्या खांद्यांवर, गालांवर प्रवाळ उगवलंय. आमच्या गाइडने पाण्याखालच्या कॅमेऱ्याने तो फोटो काढून दिला. तुमच्या यंत्राने त्यात चेहरे ओळखले. त्या फोटोला समोरासमोरची दोन्ही पानं दिली आणि खाली छापलं: ‘आमचं गोड कुटुंब’. ही सिमेंटची माणसं माझं कुटुंब नाहीत. माझी आई ठाण्यात माझ्या शेजारच्या खोलीत बसली आहे. तिने ती ओळ वाचली आणि मला विचारलं, ‘हे कोण गं?’

हे सगळं मी तुमच्या सीनियर एक्झिक्युटिव्हला शांतपणे सांगितलं. सगळे कॉल ध्वनिमुद्रित होतात असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता, तेव्हा ते ध्वनिमुद्रण काढून ऐका. संवाद असा झाला.

तो म्हणाला, ‘मॅडम, फॅमिली थीम आमची सगळ्यात जास्त चालणारी थीम आहे.’
मी म्हटलं, ‘मी ती निवडलेली नाही.’
‘हो मॅडम, पण तुमच्या सगळ्या फोटोंत तुम्ही एकट्याच दिसता ना. पुस्तक जरा रिकामं वाटत होतं. सिस्टीमने ते भरून काढलं.’
‘मी एकटीच गेले होते.’
‘एकट्या? म्हणजे ग्रुप टूर?’
‘नाही. एकटी.’
‘मिस्टर पण नव्हते?’
‘त्याचा पुस्तकाशी संबंध काय?’

मग तो ‘एक मिनिट होल्ड करा’ म्हणाला, पण होल्डचं बटण दाबलं गेलं नाही. मला स्पष्ट ऐकू आलं: ‘अरे, काकू एकट्याच मेक्सिकोला जाऊन आल्यात म्हणे.’ मागून दोघं-तिघं हसली. मग तो परत आला आणि अत्यंत नम्रपणे त्याने विचारलं, ‘मॅडम, तुम्ही एकट्या होतात, तर मग फोटो कोणी काढले?’

मला फोनवर शब्द सुचला नाही. इथे लेखी उत्तर देते, ते रेकॉर्डवर घ्या. फोटो सेनोतेच्या जीवरक्षकाने काढला. तुलुमला शाळेची सहल घेऊन आलेल्या बाईंनी काढला, इग्वाना चौकटीत येईपर्यंत मला हलू दिलं नाही. मार्केसिता विकणाऱ्या मुलाने काढला. मार्केसिता म्हणजे आइस्क्रीमच्या कोनासारखी कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं एडाम चीज. ती खाताना अर्धी माझ्या साडीवर सांडली आणि त्याने त्याच क्षणी फोटो काढून मला दाखवला. हमरस्त्यावर हात केला की थांबणाऱ्या कोलेक्तिवो व्हॅनमध्ये एका मुलीने काढला, तिचं बाळ माझ्या मांडीवर होतं. इस्ला मुहेरेसच्या फेरीबोटीवर ग्वादालाहाराहून आलेल्या एका आजींनी काढला, अर्ध्या फोटोत त्यांचा अंगठा आहे. तो अंगठा मला हवा होता. त्याखाली मी आजींबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. तुमच्या यंत्राने तो फोटो ‘खराब’ ठरवून पुस्तकातून काढून टाकला.

पुस्तक रिकामं नव्हतं. तुम्ही ते रिकामं केलंत.

एवढं झाल्यावर त्या एक्झिक्युटिव्हने मला भरपाई काय देऊ केली? ‘पुढच्या फॅमिली ट्रिपच्या पुस्तकावर’ १५ टक्के सवलतीचं कूपन. नवीन छपाई मिळणार नाही, कारण ‘प्रूफ तुम्हीच मंजूर केलंत’. मी मंजूर केलेलं प्रूफ आणि तुम्ही छापलेलं पुस्तक, दोन्ही शेजारी ठेवून काढलेले फोटो मी केव्हाच पाठवलेत. कुणी उघडूनही पाहिलेले नाहीत.

माझ्या भाचीच्या लग्नाचं पुस्तक तुमच्याकडेच केलं होतं. बांधणी, रंग, कागद, कशालाही नाव ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर मी सोसायटीतल्या किती जणींना तुमचंच नाव सुचवलं. आता त्या विचारतात, पुस्तक आलं का, दाखव ना. मी दाखवत नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पोच अजून नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. मी बँकेत नोकरी केलेली बाई आहे, कागद जपून ठेवते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मगच हे पत्र पाठवते आहे.

मंजूर प्रूफप्रमाणे पुस्तक पुन्हा, विनाशुल्क छापून हवंय. माझ्या ओळी, माझ्या मराठीत, न फुटलेल्या अक्षरांत. समुद्राचे सगळे फोटो, तपकिरी सकाळसुद्धा. आजींचा अंगठा. खांबाच्या टोकावरचा पाचवा माणूस पूर्ण दिसला पाहिजे, ढोलासकट. मुखपृष्ठावर हृदयं नकोत. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा आणि माझे सगळे फोटो तुमच्या सर्व्हरवरून काढल्याचं लेखी कळवा, म्हणजे मी दुसरीकडे छापून घेईन. आणि कॉलवर जे हसले त्यांच्या वतीने लेखी माफी हवी. कूपन रद्द करा, ते मला नको आहे.

यापुढे फोन करू नका. उत्तर ईमेलवर द्या.

तुमची ग्राहक,
ठाणे

सोबत: मंजूर प्रूफ, छापील पुस्तकाच्या पानांचे फोटो, पैसे भरल्याची पावती