कांद्याचे दोन्ही भाव शेजारी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं आणि सासर नाशिकच्या सिडकोतलं. कांदा महागला की माझी पिशवी हलकी होते नि फोनवर कांदा पिकवणाऱ्या दादाचा आवाज मोकळा होतो. कांदा पडला की उलटं. म्हणून हे पत्र.

भाव चढले की सगळ्याच पेपरांत पहिल्या पानावर 'कांद्याने आणले डोळ्यांत पाणी' असतं. (हे शीर्षक आता निवृत्त करायला हरकत नाही.) भाव पडले की बातमी आत जाते, शेतीच्या पानावर. यात नुसता पेपरांचा दोष नाही. माझी मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे, तिने मला २०२१ साली प्रसिद्ध झालेलं एक अमेरिकेतलं संशोधन समजावून सांगितलं. महागाई किती वाढणार याचा अंदाज माणसं आपण वरचेवर घेतो त्या किराणा मालाच्या भावांवरून बांधतात, आणि त्यातही उतरलेल्या भावांपेक्षा चढलेले भाव मनात जास्त वजन धरून बसतात. मी लगेच कबूल केलं. गंगेवरच्या (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) बुधवारच्या बाजारात कांदा कधी कधी महाग घेतला ते मला घडाघडा सांगता येईल. स्वस्त कधी घेतला होता, ते आठवावं लागेल.

सरकारचंही तेच होतं. किरकोळ महागाईच्या २०१२ आधारवर्षाच्या निर्देशांकात कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं, म्हणजे शंभर रुपयांच्या घरखर्चात जेमतेम ६४ पैसे. हातावर पोट असलेल्या घरात हे प्रमाण जास्त असणार, हे मला कळतं. पण या ६४ पैशांपायी डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर दराची अट घालून. त्या पाच महिन्यांत दादाशी मी कांद्याचा विषयच काढला नाही.

मग शेतकऱ्यासाठी उपाय काय, तर मोबाइलवर भाव कळवा. त्याला भाव माहीत नसतो म्हणून तो फसतो, असा समज आहे. याला आधार आहे, तो केरळातला. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या उत्तर किनाऱ्यावर मोबाइल आले. त्याआधी एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यायचे आणि काही किलोमीटरवर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. फोन आल्यावर होड्या भाव विचारून किनाऱ्याला लागू लागल्या. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली आणि नासाडी थांबली.

भाव कळवण्याचा प्रयोग पश्चिम बंगालमध्ये, हुगळी आणि पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यांतल्या बटाटा शेतकऱ्यांवर केला. त्यांना रोजचे घाऊक भाव कळवले. हाती पडणारा सरासरी भाव काही वाढला नाही. कारण मोठ्या बाजारात थेट माल विकायची सोयच त्यांना नव्हती. विकायचं गावातल्या व्यापाऱ्यालाच. होडी वळवता येते, बटाट्याचं पोतं वळवता येत नाही.

आमचा दादा या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव, तिन्ही बाजारांतले कांद्याचे भाव त्याच्या व्हॉट्सॲपवर असतात. पण पिकअप लिलावात उभी केली, भाडं अंगावर पडलं, की क्विंटलला पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून दुसरीकडे नेण्यात ते पन्नास डिझेलमध्येच जातात. उन्हाळी कांदा चाळीत (म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) ठेवून थोडी वाट तरी पाहता येते, अर्थात घट सोसून. लाल कांद्याला तेवढाही दम नाही. तेव्हा भाव न कळणारा माणूस दादा नव्हेच.

भाव कळत नाही तो आम्हा शहरातल्यांना. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासात आलं, की गिऱ्हाईक कांद्यासाठी जो रुपया मोजतं त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतात. उरलेले ६४ पैसे (पुन्हा ६४!) सगळे कुणी गिळतो असं नाही, हमाली, बारदान, वाहतूक, सडका माल, हातगाडीवाल्याचं पोट, सगळं त्यातच. पण हे ३६ पैसे माझ्या शेजारणीला ठाऊक नाहीत. 'कांदा दीड हजारांवर' हे वाचून ती मला म्हणाली, "मजा आहे बाई तुमच्या दादाची!" तो क्विंटलचा भाव आहे, किलोला पंधरा रुपये, हे सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला. त्या आठवड्यात आम्ही दोघींनी किलोला पस्तीस मोजले होते.

म्हणून एक विनंती. लासलगावचा त्या दिवसाचा सर्वसाधारण भाव आणि नाशिकच्या बाजारातला किरकोळ भाव, दोन्ही रोज शेजारी शेजारी छापा. मात्र क्विंटल नको, दोन्ही किलोत. कांदा पडलेला असेल तेव्हाही छापा, तेव्हा तर नक्कीच. जागा फार लागणार नाही, राशिभविष्याखाली दोन ओळी पुरतील. तिथे सगळ्यांचीच नजर जाते.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक