हरकतींच्या वहीत पसंतीला जागा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरचे म्हातारीचे चित्र ‘नागरिकांच्या तीव्र भावना लक्षात घेऊन’ पुसले, अशी बातमी आपण काल पहिल्या पानावर दिली. मी त्या भिंतीसमोरच्याच इमारतीत राहते. आमच्या खिडकीतून ती भिंत सोडून दुसरे काही दिसत नाही. माझी भावना कुणी, कधी आणि कुठे लक्षात घेतली, हे मला कळायला हवे. शेजारच्या बिऱ्हाडांनाही कुणी विचारलेले नाही. काल संध्याकाळी मी स्वतः जाऊन खात्री करून घेतली.

चित्र चांगले की वाईट, यावर आपल्या आतल्या पानात वाचक भांडले आहेत. भांडू देत. मला ते चित्र फार आवडत होते एवढे सांगते आणि पुढे जाते, कारण माझी तक्रार वेगळी आहे.

चित्राविरुद्ध हरकती मागवल्याची नोटीस पालिका कार्यालयाच्या आतल्या फळ्यावर लागली, तेव्हा मी मुद्दाम तिथे गेले. टेबलावर वही होती. तारीख, नाव, पत्ता, हरकतीचे स्वरूप आणि सही असे रकाने आखलेले. ‘हरकतीचे स्वरूप’ या रकान्यात मी ‘चित्र राहावे’ असे लिहायला लागले, तर तिथल्या गृहस्थांनी वही ओढून घेतली. ‘बाई, ही हरकतींची वही आहे. तुमची हरकत नाही ना, मग आलात कशाला?’ मी म्हटले, चित्र पुसायला माझी हरकत आहे, ती लिहून घ्या. त्यावर उत्तर मिळाले, की पुसण्याचा निर्णय अजून झालेलाच नाही. तो झाला की मग या. निर्णय झाल्याचे आम्हाला कळले ते सकाळी भिंतीला शिडी लागलेली पाहून. दुपारपर्यंत राखाडी रंगाचा पहिला हात मारून झाला होता.

मधल्या काळात मी साध्या कागदावर अर्ज लिहून नेऊन दिला होता. तो ठेवून घेतला, पण पोच मागितली तर दिली नाही. आणि काल आपल्या बातमीत वाचते, की ‘चित्राच्या बाजूने एकही लेखी निवेदन आले नाही’. हे वाक्य छापण्याआधी आपल्या वार्ताहराने समोरच्या इमारतीतली एक तरी घंटा वाजवायला हवी होती. कार्यालयाने सांगितले आणि आपण छापले, याचा मला खरोखर राग आला आहे.

ज्याला चित्र खटकते तो तावातावाने कार्यालय गाठतो. ज्याला आवडते तो जाता-येता बघतो आणि कामाला लागतो. एखादी भिंत आवडली म्हणून अर्ज करायचा असतो, हे कुणाच्या मनातही येत नाही. त्यामुळे नुसत्या हरकती मागवल्या, की निकाल आधीच ठरतो. वही भरते ती एकाच बाजूने, आणि तीच वही पुढे ‘जनभावना’ म्हणून सभेत मांडली जाते.

तक्रार आली की पुसा, या घाईने काय होते ते इंग्लंडमधल्या क्लॅक्टन-ऑन-सी या समुद्रकाठच्या गावाने 2014 मध्ये पाहिले. बँक्सी या, ओळख लपवून भिंती रंगवणाऱ्या जगप्रसिद्ध इंग्लिश चित्रकाराने तिथे एका भिंतीवर कबुतरांचा घोळका रंगवला होता. ती करडी कबुतरे स्थलांतरितांविरुद्धचे फलक धरून एका रंगीत पक्ष्याला हुसकावत होती. चित्राचा सगळा रोख वंशद्वेषावर होता. पण चित्रच वंशद्वेषी आहे अशी तक्रार गेली आणि तिथल्या कौन्सिलने ते काढून टाकले. चित्र कुणाचे होते हे नंतर कळले. त्याच बँक्सीने 2006 मध्ये ब्रिस्टल शहरात भर रस्त्यावरच्या इमारतीवर खिडकीला लटकलेला नागडा पुरुष रंगवला होता. आपल्या भिंतीवर तर नुसता एक चेहरा होता. ब्रिस्टलच्या कौन्सिलने लोकांना सरळ विचारले, ठेवायचे की काढायचे? उत्तर देणाऱ्यांपैकी 97 टक्के लोक ‘ठेवा’ म्हणाले आणि ते ठेवले गेले. ब्रिस्टलने फक्त हरकती मागवल्या असत्या, तर हे 97 टक्के कुणाला दिसलेच नसते.

विरोध करणाऱ्यांचे एक म्हणणे मला पूर्ण पटते. चित्र रंगवण्याआधीही आम्हाला कुणी विचारले नव्हते. एके दिवशी परांची बांधली गेली, आणि काय होणार आहे हे रंग चढायला लागल्यावर समजले. विचारायला हवे होते. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये भित्तिचित्रांचा सार्वजनिक कार्यक्रम 1984 पासून चालू आहे. तिथे चित्र ठरवताना आधी वस्तीतल्या लोकांशी बोलतात. पुष्कळदा चित्र पातळ कापडाच्या तुकड्यांवर आखून घेतात आणि कुठे कोणता रंग याचे आकडे घालून देतात. मग शाळेतली मुले, शेजारपाजारचे लोक, अगदी तुरुंगातले कैदीसुद्धा रंग भरतात आणि शेवटी ते कापड भिंतीवर चिकटवले जाते. ज्या चेहऱ्यात आपल्या हाताने रंग भरला, तो पुसा म्हणून कोण अर्ज करील? आपल्याकडे ही तसदी कुणी घेतली नाही, आणि त्याची शिक्षा चित्राला झाली.

‘असली थेरं मोठ्या शहरांना शोभतात, आपल्याला नाहीत,’ असे एका वाचकाने लिहिले आहे. कॅनडातले शमेनस हे आपल्याहून कितीतरी लहान गाव आहे. तिथे पहिली भित्तिचित्रे 1982 मध्ये रंगवली गेली. पुढच्याच वर्षी गावाचा आधार असलेली लाकडाची गिरणी बंद पडली, आणि लांबून माणसे तिथे येत राहिली ती या भिंती पाहायला. आणि एवढ्या लांब कशाला जायचे? वाईजवळचे मेणवली काही महानगर नव्हते. नाना फडणवीसांच्या तिथल्या वाड्यात रंगवलेल्या भिंती आजही आहेत. लहान गावाने भिंत कोरीच ठेवावी, हा नियम कुठून आला?

आता कार्यालयाच्या खुलाशाबद्दल. ‘चित्राचे पोपडे निघू लागले होते, त्यामुळे ते तसेही काढावे लागले असते,’ असे आपण त्यांच्या हवाल्याने छापले आहे. हे दिशाभूल करणारे आहे. चित्र रंगवणाऱ्या मुलीने भिंत आधी घासून घेतली होती, जुना सुटलेला गिलावा काढून भेगा भरल्या होत्या, भिंत नीट सुकू दिली होती आणि प्रायमर मारल्यावरच रंगाला हात घातला होता. मी खिडकीतून सगळे पाहत होते. पश्चिमेचे ऊन सरळ त्या भिंतीवर येते, म्हणून तिने चेहऱ्याला गेरू आणि पिवळ्या मातीच्या जातीचे रंग निवडले. भडक लाल-पिवळे त्या उन्हात लवकर उडतात, मातीचे रंग टिकतात, असे तिनेच मला समजावून सांगितले होते. पोपडे निघाले होते ते फक्त खालच्या हातभर पट्ट्यात, आणि त्याचे कारण टाकीचा ओव्हरफ्लो पाइप आहे. तो कित्येक वर्षे गळतो आहे. भिंतीला ओल धरली, लोणा फुटला, त्याने रंग सोडवला. या गळतीबद्दल आमच्या इमारतीने लेखी तक्रारी केल्या आहेत. त्या हरकतीच होत्या, तरी कुणी शिडी लावली नाही. पाइप आजही गळतो आहे आणि परवा मारलेल्या राखाडी रंगावर खाली पांढरट डाग दिसायला लागले आहेत. वार्ताहराला पाठवा, मी दाखवते.

‘वाटल्यास चित्र पुन्हा काढता येईल,’ हेही वाक्य त्याच खुलाशात आहे. डेव्हिड सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराने 1932 मध्ये लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा रस्त्यावर काढलेले ‘अमेरिका ट्रॉपिकल’ काही वर्षांतच पांढऱ्या रंगाखाली झाकले गेले. लोकांना ते पुन्हा पाहायला मिळायला 2012 उजाडले, तेही जगातल्या नामवंत संवर्धन संस्थेने हात लावल्यावर. आपल्या शहरात तो पैसा आणि ती माणसे कुठून येणार? पुसणे ही एका दुपारची गोष्ट असते, म्हणूनच त्याआधी थांबायचे असते.

निदान त्या मुलीला तरी कळवायला हवे होते. तिला हे तुमच्या बातमीतून समजले. भिंत शहराची असली तरी चित्रावर चित्रकाराचा काही हक्क राहतो, हे आपल्या देशातल्या न्यायालयाने सांगितलेले आहे. अमरनाथ सहगल यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून 1979 मध्ये उतरवून गोदामात टाकले गेले आणि त्यात त्याची मोडतोड झाली. सहगल न्यायालयात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायदा, 1957 च्या कलम 57 चा आधार घेऊन त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला लावले आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तिथे समोर भारत सरकार होते. आपल्या कार्यालयातल्या कुणी हा निकाल वाचला असता, तर किमान एक पत्र तरी त्या मुलीच्या पत्त्यावर गेले असते.

संपादक महोदय, शेवटी एक तक्रार थेट आपल्याबद्दल. चित्र पूर्ण झाले तेव्हा आपण अर्ध्या पानाचा फोटो छापला होता. त्याखाली उद्घाटन करणाऱ्यांची नावे होती, व्यासपीठावर बसलेल्या सगळ्यांची नावे होती, छायाचित्रकाराचे नाव होते. चित्रकर्तीचे नव्हते. मजकुरात ती फक्त ‘एक तरुण कलाकार’ होती. काल तोच फोटो पुन्हा छापलात आणि तो खालून कापलात. तिची सही नेमकी खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे. कलम 57 मध्ये आपल्या कृतीवर आपले नाव असण्याचा हक्कही येतो, आणि तो वर्तमानपत्रानेही मानायला हवा. मूळ फोटो आपल्या कार्यालयात असणारच. तो या आठवड्यात न कापता, तिच्या नावासह छापावा. आणि हरकतींच्या वहीत ‘काम आवडले’ असा रकाना कधीपासून येणार, हे आपल्या वार्ताहराने सभेत उभे राहून विचारावे. आम्ही इमारतीतले सगळे सह्या करायला तयार आहोत.

आपली,
टाकीसमोरच्या इमारतीतील एक वाचक